व्यवस्थापनशास्त्र विभागातील आदिवासी विद्यार्थी आणि ग्रामसभांशी भागीदारी : काय केले तर टिकेल?

वर्गखोली

नमस्कार. मी विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात अकरा वर्षांपासून शिकवते आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे एमबीएच्या पहिल्या वर्षाला नऊ आदिवासी विद्यार्थी दाखल झाले आणि दुसरे सत्र संपेपर्यंत त्यांतले चार जण परत गेले. त्यांपैकी एकही नापास झालेला नव्हता. एकाने तर लेखाशास्त्रात वर्गात दुसरा क्रमांक मिळवला होता. फोन केल्यावर चौघांनीही जवळजवळ एकच वाक्य ऐकवले, 'मॅडम, पुढच्या वर्षी येतो.' हे उत्तर मला फार लागले, कारण ते येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. पुरवठा साखळीच्या तासाला मी तेंदूपानाचे उदाहरण घेतले होते. सहा महिन्यांत एकदाही तोंड न उघडलेला एक मुलगा उभा राहिला आणि फळ्यापाशी येऊन त्याने पुड्यांच्या रांगा काढून दाखवल्या. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, उन्हात वाळण्यासाठी पुडे कसे मांडतात, मोजताना ठेकेदाराचा मुन्शी दर शंभर पुड्यांमागे काही पुडे फुकट कसे धरून घेत असे आणि ग्रामसभेने लिलाव स्वतः करायला घेतल्यावर गावातल्या मुलांनीच मोजणी हाती घेऊन ती पद्धत कशी बंद केली, हे सगळे त्याने वीस मिनिटांत मांडले. माझ्या पुस्तकात यातले काहीच नव्हते. परत गेलेल्या चौघांत तो मुलगाही आहे.

आता विभागाला ग्रामसभांशी सामंजस्य करार करण्याची सूचना आली आहे. याआधीचे दोन करार सह्या आणि छायाचित्रे झाल्यावर कपाटात गेले. या वेळी मला तसे होऊ द्यायचे नाही. या मुलांनी टिकावे म्हणून विभागाने नेमके काय करावे, आणि गावांशी भागीदारी करायची तर ती गावाच्या बाजूने कशी दिसली पाहिजे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इंद्रावतीकाठ

जोहार मॅडम. मी भामरागडकडचा माडिया आहे. नागपुरात एमबीए पूर्ण केले, पण दोन वर्षांचे शिक्षण मला तीन वर्षे पुरले. तुमचे ते चौघे का गेले असतील हे मी त्यांना न भेटता सांगू शकतो, कारण मीही एकदा बॅग भरली होती.

पहिले कारण पैसा आहे, पण लोकांना वाटते त्या अर्थाने नाही. शुल्क शासन भरते हे खरे आहे. मात्र महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज मंजूर होऊन रक्कम येईपर्यंत महाविद्यालय 'तूर्तास भरा, नंतर परत देऊ' असे सांगते. आमच्या घरी रोख पैसा वर्षातून दोनदाच येतो, एकदा मोहफूल आणि तेंदूच्या हंगामात आणि एकदा धान विकल्यावर. सप्टेंबरमध्ये पंधरा हजार मागितले तर ते कुठून आणायचे? मी ज्या संस्थेत होतो तिथल्या खिडकीवर मला चार वेळा परत पाठवले गेले आणि पाचव्या वेळी मी गेलोच नाही.

दुसरे कारण वेळापत्रक आहे. मोह मार्च-एप्रिलमध्ये पडतो, तेंदूची तोडणी मे महिन्यात होते आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. दोन-तीन आठवड्यांच्या तेंदू हंगामात घरातला एक माणूस कमी झाला तर वर्षभराच्या मिठा-मिरचीचा हिशेब बिघडतो. शिक्षकांना वाटते की मुलगा सुट्टीला गेला, पण तो घरच्या कमाईवर गेलेला असतो.

तिसरे कारण जात वैधता प्रमाणपत्र. आजोबांच्या काळचा कागद मागतात. आमच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते आणि महसुलाच्या जुन्या नोंदीत त्यांचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले होते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत प्रवेश टिकेल की नाही या धास्तीत अभ्यास होत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की वर्गात काही करण्याआधी कार्यालयात एक माणूस नेमा, ज्याचे कामच या कागदांचा पाठपुरावा करणे हे असेल आणि ज्याच्याशी गोंडीत किंवा माडियात दोन शब्द बोलता येतील.

साधीसरळ

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, तिचाही उल्लेख व्हायला हवा. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. अनेक मुलांना ती प्रवेशानंतर पाच-सहा महिन्यांनी कळते. प्रवेशाच्या दिवशीच अर्ज भरून घेतला तर बरेच काही सुटेल.

चर्चाप्रेमी

मी थोडे वेगळे मत मांडतो, कृपया गैरसमज नसावा. इंग्रजीची अडचण, शुल्काचा उशीर आणि शहरातले एकटेपण या गोष्टी बीड किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मुलालाही तितक्याच जाचतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कक्ष, वेगळा वर्ग आणि वेगळा मार्गदर्शक अशी रचना केली की वर्गातली इतर मुले त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या सर्वांसाठी मिळून सोय करावी, म्हणजे कोणावर शिक्का बसणार नाही.

सूर्याखोरे

चर्चाप्रेमी दादा, इंग्रजीपुरते तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. तो वर्ग सगळ्यांसाठीच असावा. पण शिक्का बसू नये म्हणून वेगळे काही करू नका, असे म्हणताना शिक्का आधीच बसलेला असतो हे तुमच्या लक्षात आले नसावे.

मी जव्हार तालुक्यातली वारली मुलगी. मुंबईतल्या एका व्यवस्थापन संस्थेत पहिल्याच आठवड्यात गट पाडताना एका मुलीने मला माझे सीईटीचे गुण सर्वांसमोर विचारले आणि मी सांगितल्यावर ती दुसऱ्या गटात गेली. कोणी काही बोलले नाही. शिक्षकही हजेरी घेत राहिले. पुढे वार्षिक महोत्सवाच्या वेळी मात्र सभागृहाच्या भिंतीवर वारली चित्रे काढायला सगळ्यांना मीच आठवले. मी ती काढली, कारण ती माझ्या आजीची आहेत, पण लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातले चौकोनी भिंतीचित्र, लग्नघरात सवाष्णी काढतात आणि त्यात देवी बसते, तो सभागृहाच्या दारात काढायचा नसतो, हे सांगितल्यावर आयोजकांना राग आला. चित्र हवे होते, चित्रामागचे ऐकून घ्यायचे नव्हते.

त्या दोन वर्षांत मला टिकवले ते एका वरच्या वर्गातल्या कोकणा मुलीने. ती दर रविवारी माझ्यासोबत जेवायची. एवढेच. तिने मला एकदाही 'अडचण आहे का' असे विचारले नाही, ती फक्त यायची. म्हणून वर्गखोली ताई, मार्गदर्शक नेमणार असाल तर आधी शिकून गेलेल्या आमच्यातल्याच मुलामुलींना नेमा आणि त्यांना त्याचे मानधन द्या.

चर्चाप्रेमी

ताई, तुमचा अनुभव वाचून मी माझे वाक्य पुन्हा वाचले. शिक्का आधीच असतो हे तुमचे म्हणणे मान्य करतो. इंग्रजीचा वर्ग सर्वांसाठी आणि बाकीची साथ आपल्या माणसांकडून, अशी विभागणी मला योग्य वाटते.

हिमवाट

मी व्हँकुव्हरमध्ये राहतो आणि काही वर्षे तिथल्या विद्यापीठीय प्रशासनात काम केले आहे. तुलना जपून करावी लागते, कारण कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या आदिम समाजांचा इतिहास वेगळा आहे. तिथे दीड लाखांहून अधिक मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले आणि त्यांची भाषा मारून काढली गेली. त्यामुळे 'शिक्षणसंस्था' हा शब्दच अनेक कुटुंबांसाठी जखमेचा आहे. या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतली ९२ वी थेट उद्योगजगताला उद्देशून आहे : प्रकल्पाआधी त्या समाजाची मोकळी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती घ्या, त्यांना नोकऱ्या-प्रशिक्षणात न्याय्य वाटा द्या आणि आपल्या व्यवस्थापकांना हा इतिहास शिकवा. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांना या शिफारशीने विचार करायला भाग पाडले.

दोन उदाहरणे देतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या सॉडर स्कूलमध्ये 'चनूक' नावाचा उपक्रम आहे, जो आदिम समाजांतल्या व्यवसायशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एकमेकांशी आणि उद्योगांशी जोडतो. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बीडी स्कूलने २०१२ मध्ये आदिम समाजांचा व्यवसाय आणि नेतृत्व या विषयावर स्वतंत्र कार्यकारी एमबीए सुरू केले. तिथे बसणारे लोक आपल्या समाजाच्या कंपन्या, जमिनीचे करार आणि मासेमारीचे हक्क प्रत्यक्ष सांभाळणारे असतात आणि ते काम सोडून शिकायला येत नाहीत, ते काम घेऊनच येतात. इंद्रावतीकाठ यांनी वेळापत्रकाचा जो मुद्दा मांडला त्याचे उत्तर मला इथे दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे लगेच आणण्याजोगी आहे. फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये माहितीविषयी चार तत्त्वे मांडली : आमच्याविषयीच्या माहितीची मालकी आमची, तिच्यावर नियंत्रण आमचे, ती आम्हाला पाहता आली पाहिजे आणि तिचा ताबा आमच्याकडे असला पाहिजे. एखादा विद्यार्थी गावात जाऊन सर्वेक्षण करणार असेल तर त्याचे कागद शेवटी कोणाच्या कपाटात राहतात, हा प्रश्न आधी विचारावा.

जंगलबोली

हिमवाट साहेबांनी कपाटाचा विषय काढला, म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेचे काम पाहतो. आमच्या गावात गेल्या सात वर्षांत पाच महाविद्यालयांचे गट आले. प्रत्येकाने घरटी प्रश्नावली भरून घेतली. किती गुरे, किती मोह, किती उत्पन्न, दारू कोण पितो. एकाही गटाने अहवालाची प्रत परत आणून दिली नाही. सहाव्या गटाला आमच्या म्हाताऱ्यांनी विचारले, 'आमचे उत्पन्न तुम्ही लिहून नेले, आता तुमचे सांगा.' मुले गप्प झाली. त्यांचा अपमान करायचा नव्हता, प्रश्न खरा होता.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळालेले पहिले गाव धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि बांबू विकण्याचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. लोकांना त्या गावाचे 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार' हे वाक्य माहीत असते. पण त्यामागचा अभ्यासगट फारसा माहीत नसतो. तिथे वर्षानुवर्षे लोक बसून एकेका विषयाचा अभ्यास करत आले, बाहेरच्या जाणकारांना बोलावत आले आणि निर्णय मात्र बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने ग्रामसभेतच घेत आले. विद्यापीठाने गावाशी जोडून घ्यायचे असेल तर ते अभ्यासगटातला एक सोबती म्हणून घ्यावे. मार्गदर्शक म्हणून येऊ नये.

आणि व्यवस्थापनाच्या मुलांना एक उदाहरण आवर्जून शिकवा. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने बांबूचा व्यवसाय स्वतः उभा केला, पण तेंदू तोडायचा नाही असे ठरवले. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, आग लावली जाते, फळ धरत नाही, पाखरांचे खाणे जाते आणि शेवटी त्या पानाची विडी होते. दरवर्षी हमखास येणारा पैसा गावाने विचार करून सोडला. नफ्याच्या कोणत्या सूत्रात हा निर्णय बसतो, यावर तुमच्या वर्गात दोन तास चर्चा होऊ द्या. पाचगावच्या माणसालाच ती घ्यायला बोलवा आणि बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाला जेवढे देता तेवढेच मानधन त्यालाही द्या.

मोजमाप

मी सनदी लेखापाल आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांचे हिशेब पाहतो. जंगलबोली यांचे लिखाण वाचून वाटले की विद्यापीठ खरेच कुठे कामी येईल ते सांगावे.

ग्रामसभेकडे हक्क आला, पाठोपाठ पैसा आला आणि त्याच्या मागोमाग कागद आले. पॅन कोणत्या प्रकारात काढायचा, तेंदूच्या विक्रीवरचे करसंकलन कोणी दाखवायचे, जीएसटीची जबाबदारी खरेदीदाराची की ग्रामसभेची, ठेकेदाराने करारातली रक्कम हप्त्यांनी दिली आणि शेवटचा हप्ता बुडवला तर काय करायचे, असे प्रश्न दर हंगामात येतात. तेंदूपानावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आधीच्या दराने झालेल्या करारांचे काय, हे विचारायला मला एका आठवड्यात बरेच फोन आले. एका गावात मी हिशेब पाहायला बसलो, तेव्हा बारावी झालेल्या मुलीने लाल कापडात गुंडाळलेली वही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक कुटुंबाचे पुडे, मजुरी, सहीचा किंवा अंगठ्याचा रकाना, सगळे जागच्या जागी होते. एका पैशाचा फरक निघाला नाही. कमतरता हिशेबाची नव्हती, तो हिशेब सरकारी भाषेत उतरवण्याची होती.

एमबीएच्या मुलांनी उन्हाळी प्रकल्पात नेमके हेच काम करावे. कंपनीत दोन महिने चहा-कॉफीच्या वेळा सांभाळण्यापेक्षा एका ग्रामसभेचा हंगामाचा ताळेबंद, विवरणपत्रे आणि लिलावाच्या अटींचा मसुदा तयार करून देणे हे कितीतरी मोठे शिक्षण आहे. आणि इंद्रावतीकाठ यांच्यासारख्या मुलांसाठी तोच प्रकल्प मे महिन्यात स्वतःच्या गावी होऊ शकतो, म्हणजे घरचे कामही सुटणार नाही आणि गुणही मिळतील.

दक्षिणवारा

मेलबर्नहून लिहिते आहे. इथल्या मेलबर्न बिझनेस स्कूलमध्ये २०१२ पासून ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या उद्योजकांसाठी 'मुर्रा' नावाचा अभ्यासवर्ग चालतो. त्या शब्दाचा अर्थ इथल्या वुईवुरुंग भाषेत मासे धरायचे जाळे असा आहे. तिथे आधीच व्यवसाय करणारे लोक येतात, पदवी असण्याची अट पाहिली जात नाही आणि वर्ग संपल्यावर ते एकमेकांचे ग्राहक, पुरवठादार आणि सल्लागार होतात. मला जाळ्याचे नाव फार समर्पक वाटते.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती खरेदी. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने जुलै २०१५ पासून सरकारी खरेदीतला ठरावीक वाटा आदिवासी मालकीच्या व्यवसायांकडून घेण्याचे धोरण लागू केले आणि असे व्यवसाय पडताळून त्यांची यादी ठेवणारी 'सप्लाय नेशन' ही संस्था त्याआधीपासूनच, २००९ पासून, काम करत होती. आपल्या विद्यापीठांना कोणाच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. दीक्षान्त समारंभातली स्मृतिचिन्हे बांबूची, उपाहारगृहातले मोहाचे लाडू गावातल्या बचत गटाचे, वसतिगृहाचा मध आणि तांदूळ महाग्रामसभेकडून, म्हणजे अनेक ग्रामसभांच्या संघाकडून, एवढे ठरवले तरी भागीदारीला पाय फुटतील. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून, म्हणजे वनोपज विकण्याच्या सरकारी योजनेतल्या केंद्रातून, गुळवेल मोठमोठ्या औषध कंपन्यांना विकून दाखवली आहे. माल आहे, तो वेळेवर आणि रोखीने घेणारी संस्था हवी आहे.

साधीसरळ

'रोखीने' हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो. संस्थेची बिले सहा-सहा महिने अडकतात. बचत गटाला तेवढा उशीर झेपत नाही.

इंद्रावतीकाठ

मोजमाप सरांच्या सूचनेवर एक भर घालतो. गावातला प्रकल्प फक्त आदिवासी मुलांनाच देऊ नका. नाहीतर आमची मुले गावात आणि बाकीची मुले बँकेत, अशी वाटणी होईल आणि नोकरीच्या मुलाखतीत पुन्हा आम्हीच मागे राहू. मला बँकेतही जायचे होते. दोन-दोनच्या जोड्या करा, एक गावातला आणि एक शहरातला, आणि सहा आठवडे गाव व सहा आठवडे कंपनी अशी दोघांनाही दोन्हीकडे पाठवा.

सूर्याखोरे

अगदी बरोबर. आमच्यातल्या प्रत्येकाने गावाचेच काम केले पाहिजे, ही अपेक्षाही एक ओझे असते. मी आज एका विमा कंपनीत आहे आणि मला ते काम आवडते. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली, ती सांगते. सत्राच्या शेवटी वसतिगृह दोन दिवसांत रिकामे करायला सांगतात. जव्हारची शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची, हा विचार कोणी करत नाही. दूरच्या मुलींसाठी आठ दिवसांची सवलत ठेवा.

वर्गखोली

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस हा धागा मी पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि काल विभागाच्या बैठकीत त्यातले बरेचसे मांडले. शुल्काची रक्कम शासनाकडून येईपर्यंत विद्यार्थ्याकडे मागायची नाही, असा लेखी आदेश प्रवेशापूर्वी काढण्याचे ठरले. आधी शिकून गेलेल्या दोन मुलांना मानधनावर बोलावण्यास संमती मिळाली. परीक्षेचे वेळापत्रक विद्यापीठाचे असल्यामुळे ते आमच्या हाती नाही, मात्र उन्हाळी प्रकल्प मे महिन्यात गावी करण्याची मुभा आणि जोड्यांची पद्धत अभ्यास मंडळापुढे जाईल. खरेदीवर बरेच आक्षेप आले आणि तो विषय पुढे ढकलला गेला. मी तो सोडणार नाही.

सामंजस्य कराराचा मसुदा मी बाजूला ठेवला आहे. जंगलबोली दादा, तुमच्या ग्रामसभेने परवानगी दिली तर मी आणि माझे दोन सहकारी आधी नुसते ऐकायला येऊ इच्छितो. प्रश्नावली आणणार नाही. आणि ज्या मुलाने फळ्यावर पुडे मांडून दाखवले होते त्याला मी काल फोन केला. तुझ्या वर्गमित्रांना तेंदूची मोजणी शिकवायला एक दिवस पाहुणा म्हणून येशील का, असे विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, 'घरी विचारून सांगतो.'

जंगलबोली

मॅडम, तुमचा निरोप आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवला. बायांनी पहिला प्रश्न विचारला की त्या किती दिवस राहणार आहेत. एका दिवसात परत जाणार असाल तर येऊ नका, दोन रात्री राहणार असाल तर या, असे ठरले आहे. पुढच्या महिन्यातली बैठक पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी आहे. शनिवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, त्या दिवशी कोणी भेटणार नाही, पण बाजार तुम्ही पाहावा असे सगळ्यांचे म्हणणे आहे. येताना मागच्या पाच गटांपैकी एखाद्याचा अहवाल तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला तर तेवढा घेऊन या.